गगनबावड्याच्या उलट दिशेला

कोल्हापूरकराला फिरायला जायचं म्हटलं की गाडीचं तोंड आपोआप पश्चिमेला वळतं. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, फार तर आंबोली. पूर्वेला आम्ही जातो ते लग्नाला, मिरजेच्या दवाखान्याला किंवा पंढरीला. मिरजेच्या पुढचा मुलूख हा आमच्या लेखी गाडीत झोप काढायचा मुलूख. बघण्यासारखं काही असेल तर ते डोंगरात आणि धुक्यात, अशी आमची पक्की समजूत आहे. गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तिथून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या जतला 500 मिलिमीटरची वाट बघावी लागते, हे शाळेत पाठ केलेलं असतं. त्या कोरड्या टोकाला लोक करतात काय, असा प्रश्न मात्र पडलेला नसतो.

मला तो पडला इटलीत. भाचा तुरीनला नोकरीला आहे. त्यानं एकदा ऑस्ताच्या खोऱ्यात नेलं. इटलीतला हा सगळ्यात लहान प्रांत: मधून दोरा बाल्तेआ नदी, दोन्ही अंगांना आल्प्स आणि वरच्या टोकाला माँ ब्लाँ. या चिंचोळ्या पट्टीत द्राक्षाचे वाण किती, तर पेती रूज, फ्यूमँ, मायोले, व्हिएन द नूस. यातलं नूस हे चक्क एका गावाचं नाव. सगळ्यात वर, मॉर्जे आणि ला साल या गावांत, जवळजवळ 1200 मीटर उंचीपर्यंत प्रिए ब्लाँ नावाचं पांढरं द्राक्ष होतं. मांडव इतके बुटके की तोडणीला वाकूनच आत शिरावं लागतं, कारण दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्री वेलीला मिळाली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीनं युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या, ती कीड या उंचीवर पोचलीच नाही. म्हणून प्रिए ब्लाँ आजही कलमाशिवाय, स्वतःच्या मुळांवर उभी आहे. तिची वाइन फिकट, आंबटसर, पहिल्या घोटाला पाणचट वाटावी अशी. आमच्या तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला तर ती चार घोट कळलीच नाही.

परत येताना भाचा म्हणाला, "मामा, आपल्याकडं असलं काय आहे?" मी सवयीनं आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं नाव घेतलं. "द्राक्षाचं म्हणतोय मी," तो म्हणाला.

म्हणून यंदा फेब्रुवारी संपता संपता उलट दिशेनं निघालो. हातकणंगले, जयसिंगपूर, मग अंकलीच्या पुलावर कृष्णा. नदीच्या दोन्ही बाजूंना ऊस, मळीचा वास, ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या. सांगलीतून तासगावचा रस्ता धरला की ऊस हळूहळू विरळ होतो आणि तारांवर चढलेले हिरवे मांडव सुरू होतात. माझा कॉलेजातला एक मित्र या बाजूचा बागायतदार आहे. तो फाट्यावर उभाच होता. "आधी गणपती, मग बाग," त्यानं जाहीर केलं.

तासगावचा गणपती परशुरामभाऊ पटवर्धनांचा. देवळापुढं सात मजल्यांचं गोपूर आहे, महाराष्ट्रात सहसा न दिसणारं. दक्षिणेतल्या मोहिमांमध्ये भाऊंनी अशी गोपुरं पाहिली आणि आपल्या गावात उभं केलं. ऋषिपंचमीला इथला रथ माणसं दोरांनी ओढतात. हे भाऊ 1799 साली लढाईत पडले ते कोल्हापूरकरांशी लढताना, ही गोष्ट मित्रानं मला देवळाच्या पायरीवर, मुद्दाम दोन माणसं ऐकतील अशा आवाजात सांगितली. मी प्रसादाकडं लक्ष वळवलं.

या गणपतीचं नाव एका द्राक्षाला आहे. तास-ए-गणेश. 'तास' तासगावचा आणि 'ए' आर्व्यांचा. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या जातीतून हा वाण निवडला. थॉमसन म्हणजे मुळात पश्चिम आशियातलं बिनबियांचं किसमिसचं द्राक्ष. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन नावाच्या बागायतदारानं ते वाढवलं आणि त्याचं आडनाव त्याला चिकटलं. तेच फिरत फिरत महाराष्ट्रात आलं आणि आमच्या जुन्या भोकरी, फकडी, पांढरी साहेबी या बियांच्या जाती मागं पडल्या.

पण खरी गंमत पुढंच आहे. वेलीवर हजारो डोळे फुटतात. त्यातला लाखात एखादा डोळा वेगळा निघतो. त्या एका काडीचे मणी जरा लांब, जरा मोठे किंवा रंगानं निराळे. बाकीची अख्खी वेल जशीच्या तशी, फक्त ती एक काडी घराण्याबाहेरची. बाग मजुरांवर सोडून देणाऱ्याला ती दिसत नाही. रोज ओळीतून फिरणाऱ्याला दिसते. तो ती काडी राखतो, तिचे डोळे दुसऱ्या खुंटांवर भरतो, दोन-तीन हंगाम वाट बघतो. गुण टिकला तर नवा वाण झाला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी असाच सोनाका निवडला, आणि काळ्या किसमिसमधून शरद सीडलेस. माणिक चमनही थॉमसनचंच पोर. प्रयोगशाळा, मोठं अनुदान, परदेशी तज्ज्ञ यातलं काही नसताना हे झालं. पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं ते 1997 साली. तोपर्यंत सांगली-सोलापूरचे शेतकरी आपापल्या जाती करून, नावं ठेवून मोकळे झाले होते.

आल्प्सच्या मानानं हे फारच अलीकडचं, असं कुणी म्हणेल. पण फ्रान्सच्या जगप्रसिद्ध पिनो न्वारचे पांढरे आणि करडे भाऊबंद याच रीतीनं जन्मले, एखाद्या काडीच्या लहरीतून. तिथं ती काडी पहिल्यांदा कुणाच्या नजरेत भरली याची नोंद कुणी ठेवली नाही, आणि आपल्याकडं बोरगावात आर्व्यांचं नाव सांगणारी माणसं अजून भेटतात, एवढाच फरक. मला तो आपल्या बाजूचा वाटतो.

मित्राच्या बागेत शिरलो तेव्हा तोडणी निम्मी झाली होती. वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, पसरलेले, खाली घड एका रेषेत टांगलेले. बिहारकडून आलेली टोळी क्रेट भरत होती. मुकादम त्यांच्याशी हिंदीत आणि स्वतःशी मराठीत बोलत होता. मित्राचे वडील, सगळे त्यांना आण्णा म्हणतात, बांधावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना मी ऑस्ताचं सांगितलं: बर्फ, बुटके मांडव, थंडीची भीती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्येंची वेल झोपती म्हणा की."

तिथली वेल झोपते. हिवाळ्यात पानं गाळून निजते आणि वसंतात आपोआप जागी होते. इथली झोपतच नाही. तिला तशीच सोडली तर ती बारा महिने पाला वाढवत राहील आणि घडाचं नाव काढणार नाही. म्हणून महाराष्ट्रात वेलीला वर्षातून दोनदा कापतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी: सगळं पार ओलांड्यापर्यंत खरडून काढायचं, म्हणजे नव्या काड्या फुटतात. त्या काड्यांच्या डोळ्यांत घड धरायचा की नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणाव, देऊन मोकळं व्हायचं, हे एप्रिल-मेच्या उन्हात ठरतं. मग ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जिला इकडं गोडी छाटणी म्हणतात. तेव्हा फुटून बाहेर येतो तो उन्हाळ्यातच पोटात धरलेला घड. डोळे एकदम फुटावेत म्हणून काडीला औषधाची पेस्ट लावायची. घड लांबावा, मणी फुगावा म्हणून जीए या संजीवकाच्या द्रावणात एकेक घड बुडवायचा. मग विरळणी, मग डाऊनी, भुरी, करपा, मिलीबग या रोगकिडी. ऑक्टोबरात पाऊस लांबला तर फवारणीचा ट्रॅक्टर दिवसातून दोनदा बागेत.

"पाणी कमी पडलं तर टँकर आणता येतो," आण्णा म्हणाले. "मे महिन्यात ढग आलं आणि ऊन कमी पडलं, तर ऊन कुठनं आणायचं?" टँकरची गोष्ट ते ऐकीव सांगत नव्हते. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा योजनांचं पाणी येण्याआधी या भागात बागा टँकरनं जगवल्या आहेत, तेही माणसांना प्यायच्या पाण्याची ओढ असताना.

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथल्या द्राक्षांना वर्षातून दोनदा फळ येतं हे त्यानं आश्चर्यानं लिहून ठेवलं. न झोपणाऱ्या वेलीची ही बहुधा आपल्याकडची सगळ्यात जुनी लेखी खूण. दोनऐवजी एकच पीक, पण नीट घ्यायचं, हा शहाणपणा पुढं शिकावा लागला.

बुंध्याशी वाकून आण्णांनी कलमाची गाठ दाखवली. वर सोनाकाची पोरं, खाली डॉगरीज नावाचा खुंट, मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून इथं आला. मॉर्जेची वेल स्वतःच्या मुळांवर उभी, आणि तासगावची टेक्सासच्या मुळांवर, पश्चिम आशियातलं खोड घेऊन, गणपतीचं नाव लावून. आता यातलं अस्सल देशी कोण, यावर बांधावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तसं बघितलं तर द्राक्षाच्या कुळातली आपली खरीखुरी गाववाली म्हणजे कुंपणावरची कांडवेल. हाड मोडल्यावर लावतात ती. तिला कुणी मांडव घालत नाही.

दुपारी पलूसला गेलो. वाटेत किर्लोस्करवाडी. 1910 साली माळावर वसवलेली ही कारखान्याची वसाहत आजही नीटनेटकी आहे. जवळच कुंडल, प्रतिसरकारच्या आठवणींचं गाव. पलूसला जायचं कारण वेगळं होतं. 2001 साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्षापासून वाइन करण्यासाठी खास धोरण आणलं. उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, परवाने सोपे केले आणि दोन वाइन पार्क आखले: नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला. पलूसच्या पार्कला नाव दिलं कृष्णेचं. तोपर्यंत नाशिकला राजीव सामंतांच्या सुलानं 2000 साली पहिली वाइन बाजारात आणली होती, आणि नारायणगावला शामराव चौगुल्यांनी त्याच्या कितीतरी आधी फसफसणारी वाइन करून परदेशी पाठवली होती. तेव्हा सांगलीनंही स्वप्न पाहिलं यात नवल नाही. इथल्या रानात शिराझ, कॅबर्ने, शेनाँ ब्लाँ ही नावं आली. शेतकऱ्यांनी ती आपल्या जिभेला बसतील अशी करून घेतली.

मी गेलो त्या दिवशी पार्कात शुकशुकाट होता. आखीव रस्ते, प्लॉटचे दगड, बाभळी. ज्या स्टीलच्या टाक्या बघायला मिळतील म्हणून आलो होतो त्या एका बंद फाटकाच्या फटीतून दिसल्या तेवढ्याच. पहारेकरी मोबाइलवर कुस्ती बघत होता. त्यानं कोल्हापूरचं नाव ऐकल्यावर खुर्ची दिली, माहिती मात्र कुस्तीचीच दिली.

नाशिकला वाइन रुजली आणि इथं का नाही, याची उत्तरं सगळ्यांकडं तयार असतात. मुंबई लांब, रात्रीचा गारवा कमी, पर्यटक नाहीत. खरंच आहे ते. 2008 नंतर जगभर मंदी आली, वाइनचा खप आटला, मोठमोठ्या खरेदीदारांचे हात आखडले आणि नाशिक काय, सांगली काय, शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून काढल्या. पण मला यातली मेख वेगळी वाटते, आणि ती मित्रानं परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता सांगितली. त्यांच्या भावकीतही तेव्हा दोन एकर शिराझ होतं. "वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच," तो म्हणाला. "बारका मणी, जाड साल, आत बी. बाजारात नेलं तर कोण खाणार? बेदाणा होत नाही. कंपनीनं गाडी पाठवली नाही तर वेलीवरच सुकायचं."

मॉर्जे आणि ला सालमध्ये वाइन कोण करतं? तिथल्या बागायतदारांचीच सहकारी संस्था. सहकार म्हटल्यावर कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला हसू येईल, कारण आम्ही साखर, दूध, सूत, कोंबडीखाद्य, बँक, जे दिसेल त्याची संस्था काढली. वाइनच्या बाबतीत मात्र बहुतेकांनी करारावर सही केली आणि गाडीची वाट बघत बसले. संस्थेचा अध्यक्ष वाइनचा ग्लास हातात घेऊन सभेत उभा आहे हे चित्र इथं कुणाच्या डोळ्यासमोर येऊ शकलं नसतं, हेही कारण असेल. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तेव्हा केवढा गहजब झाला, आणि तो निर्णय अमलात न येता कसा विरून गेला, ते आपण पाहिलंच. आल्प्समध्ये वाइन आधी घरातल्या जेवणावर होती, मग बाजारात गेली. आपल्याकडं ती थेट धोरणातून उतरली. बागायतदाराच्या घरात, त्याच्या आईच्या समोर, तिला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आणखी पूर्वेला. मिरजेवरून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की दंडोबाचा डोंगर येतो, आणि तो मागं पडला की हवा बदलते. ओठ कोरडे पडतात. कवठेमहांकाळ, अग्रण धुळगाव, नागज फाटा. माळ उजाड, कुसळांचा, आणि त्या माळावर मैलोन्‌मैल हिरव्या जाळीच्या लांबलचक शेड. सांगलीची द्राक्षं वाळायला इथं येतात. ज्या कोरड्या हवेमुळं आम्ही कोल्हापूरकर या मुलखाकडं पाठ फिरवतो, त्या हवेचा इथं धंदा आहे.

शेडजवळ वास येतो तो गोड, किंचित तेलकट. टाकीत पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल यांचं पाणी. क्रेट त्यात काही मिनिटं बुडवतात. मण्यावरचा मेणाचा थर त्यानं मोकळा होतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. असं न करता द्राक्ष वाळवलं तर महिना घालवतं आणि काळपट पडतं. मग जाळीच्या रॅकवर, दहा-बारा थरांत, घड पसरायचे. वर सावलीची जाळी, कारण ऊन थेट लागलं की हिरवा रंग गेला. लोक ऊन बघायला येतात आणि इथं सगळी धडपड उन्हापासून द्राक्ष लपवायची. पंधरा दिवसांत बेदाणा तयार. रॅक हलवला की तो पावसासारखा खाली सांडतो. चार किलो द्राक्षाचा सुमारे एक किलो बेदाणा. उरलेले तीन किलो नागजच्या वाऱ्यात.

खरा पाऊस मात्र इथं वैरी. मार्चमध्ये एक वळीव झाला की रॅकवरचा माल डागाळतो, भाव निम्म्यावर. शेडवर काम करणाऱ्या एक मावशी देठ खुडता खुडता सतत पश्चिमेकडं बघत होत्या. मला वाटलं गाडीची वाट बघताहेत. "कोल्हापुराकडनं ढग येत्यात," त्यांनी सांगितलं. मी कुठून आलो ते सांगितलं नाही.

2016 साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आजऱ्याच्या घनसाळलाही त्याच वर्षी. मानांकनाचा बोर्ड शेडवर कुठं दिसला नाही. विचारलं तर मालक म्हणाले, "बोर्ड लावून रंग येत न्हाई." रंगाचं वेड हे खरं दुखणं आहे. गिऱ्हाइकाला बेदाणा हिरवागार पाहिजे, म्हणून गंधकाची धुरी, म्हणून एवढी जाळी. तपकिरी बेदाणा चवीला जास्त भरीव लागतो, असं माझं मत आहे. मी मूठभर खाऊनच ते बनवलं आणि शेडवरच्या कुणालाही ते पटलं नाही.

शेवटी तासगावच्या सौद्यात गेलो. पंधरा-पंधरा किलोच्या पेट्या थप्पीनं लावलेल्या, नमुन्याची पेटी उघडून पुढं कागदावर ओतलेली. व्यापाऱ्यांचं टोळकं एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडं सरकत जातं. मूठ उचलायची, दाबायची, दोन दाणे तोंडात, बाकीचे मागं टाकायचे. पायाखाली बेदाणा चिरडत होता. शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक असं पायदळी जाताना बघवत नाही, पण तिथं मलाच तेवढं ते दिसत होतं. दिवाळीला आणि रमजानला उत्तरेकडं जाणारा माल इथूनच सुटतो.

मित्राचाही एक लॉट लागला होता, लांब मण्याचा. व्यापाऱ्यानं विचारलं, "जात कुठली?" मित्रानं नाव सांगितलं नाही, कारण अजून ठेवलेलं नाही. गेल्या तीन हंगामांपासून आण्णांनी बागेच्या कोपऱ्यातली एक ओळ वेगळी राखली आहे, हे मला तिथं कळलं. बांधावर इतका वेळ बसून त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं. अडत्यानं बोली पुकारली, चढली, एका जागी अडली. मित्रानं मान हलवली. भाव मान्य नव्हता. हमालानं कागदावरचा बेदाणा पेटीत भरला, पेट्या टेम्पोत चढल्या आणि टेम्पो कोल्ड स्टोअरेजकडं निघाला. "दिवाळीपर्यंत थांबू," तो म्हणाला. "ह्याला थांबता येतं."